जागल

गेल्या दिवाळीला मी आईसाठी एक फिटनेस बँड घेऊन गेलो. दोन हजारांच्या आतला, काळ्या रबरी पट्ट्याचा. मनगटावर बांधताना ती म्हणाली, "मले कायचा टाइम पाहाचा हाय, बाबू? म्हशीले भूक लागली की वाजले समजाचे पाच."

मला वेळ दाखवायचीच नव्हती. मला तिचा थकवा मोजायचा होता.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात. मालेगाव म्हटलं की पुण्यात सगळ्यांना नाशिककडचं आठवतं, आमचं वेगळं. खरिपात सोयाबीन आणि तूर, विहिरीला पाणी टिकलं तर रब्बीत हरभरा, थोडा गहू. आई पन्नाशीची आहे. गेली सात-आठ वर्षं ती एकच तक्रार करते, तीही कुणी खोदून विचारलं तर. "गळून गेल्यासारखं वाटते." तिच्या या वाक्यावर आतापर्यंत लोहाच्या गोळ्यांच्या कितीतरी पट्ट्या, कॅल्शियम, दोन प्रकारची टॉनिकं आणि पाच-सहा सलाईन झाल्या आहेत. आमच्याकडे 'विकनेस' हा एक स्वतंत्र आजार आहे आणि सलाईन हा त्याचा सर्वमान्य उपचार. बाटली संपेपर्यंत बाईला तासभर पडून राहता येतं, हा त्यातला बहुधा सर्वात गुणकारी भाग असावा.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझी टीम परदेशातल्या एका क्लायंटचे सर्व्हर सांभाळते. कुठला सर्व्हर दमला, कुठला अडकला, कुठल्याची मेमरी भरत आली, हे स्क्रीनवरच्या आलेखांत बघत बसणं हे माझं काम. दर तिसऱ्या आठवड्यात माझी ऑन-कॉल पाळी असते. उशाशी फोन, आणि रात्री कधीही अलर्ट वाजला की उठून लॅपटॉप उघडायचा. त्यामुळे आईच्या थकव्याकडेही मी माझ्या सवयीनेच बघितलं. आधी डेटा गोळा करू, मग कारण सापडेल. तिच्या फोनमधलं ॲप माझ्या अकाउंटला जोडलं आणि पुण्याला परतलो.

पहिल्या आठवड्याचे आकडे बघून मी खुर्चीतच सरळ झालो. आई रोज तेरा ते पंधरा हजार पावलं चालत होती. त्याच आठवड्यात माझी सरासरी होती अठराशे. मी तिला फोनवर "थोडं फिरत जा, व्यायामाने फ्रेश वाटतं" असं अनेकदा सांगितलं होतं. ती दर वेळी "हो" म्हणाली होती. मनात काय म्हणाली असेल, ते आता कळलं.

चालण्याने मन हलकं होतं हे खोटं नाही. पण कोणतं चालणं, हा प्रश्न उरतो. डेन्मार्कमधले आंद्रेयास होल्टरमन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं याच प्रश्नावर काम करत आहेत. मोकळ्या वेळात स्वतःच्या मर्जीने केलेली हालचाल तब्येतीला चांगली, पण पोटासाठी दिवसभर केलेली अंगमेहनत तेवढी फायद्याची नाही, उलट काही वेळा घातक, असं चित्र त्यांना दिसलं. त्याला त्यांनी शारीरिक हालचालीचा विरोधाभास म्हटलं. संध्याकाळी बूट घालून टेकडीवर जाणारा माणूस दमला की थांबतो. डोक्यावर कडब्याचा भारा असलेल्या बाईला मध्येच थांबता येत नाही. बँडच्या लेखी दोघांची पावलं सारखीच.

झोपेचा आकडा मात्र फार वाईट नव्हता. पाच तास चाळीस मिनिटं, कधी सहा. म्हटलं, कमी आहे पण माझ्याहून बरी आहे.

डिसेंबरात मला आलेखात एक नक्षी दिसायला लागली. काही रात्री सलग, आणि मग काही रात्री सोडून पुन्हा सलग, दोनच्या सुमाराला एक उंच पट्टी. म्हणजे जाग. दहा मिनिटांची, कधी वीस. माझ्या कामात अशी नियमित नक्षी दिसली की आम्ही लगेच ओळखतो. हा बिघाड नव्हे, ठरलेल्या वेळी काहीतरी चालू होत आहे. मी आईला फोन करून विचारलं, रात्री दोनला का उठतेस?

"काई नाई. असंच."

*

आमच्या फीडरवर शेतीची लाईन पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाबा जेवण करून बॅटरी आणि काठी घेऊन शेतात जातात. मोटार सुरू करतात, मध्यरात्रीनंतर स्प्रिंकलरचे पाइप एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात हलवतात. ओलिताचं काम नसलं तरी हरभरा घाटे धरायला लागला की जागल असतेच. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत अर्धा एकर साफ करतात. शेतात रात्रभर जागून राखण करणं, त्याला आमच्याकडे जागल म्हणतात. जागल बाबांची, असं मी लहानपणापासून समजत होतो.

आलेखातल्या पट्ट्या नेमक्या त्याच रात्रींच्या होत्या, हे जुळवायला मला दोन मिनिटं लागली. त्याचा अर्थ लावायला महिना गेला.

त्या महिन्यात मी बरंच वाचलं. थकवा, झोप, मन यांच्याबद्दल शोधताना एका नावाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबत होतो. डॉ. विक्रम पटेल. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ. नव्वदच्या दशकात त्यांनी झिम्बाब्वेत काम केलं. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. अर्थ, फार विचार करणं. माणसं दवाखान्यात येऊन दुखणं सांगायची आणि त्यामागे हा शब्द असायचा. १९९६ साली गोव्यात 'संगथ' ही संस्था सुरू झाली. पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक.

त्यांच्या गटाचा एक अभ्यास २००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. विषय होता, बायकांचा जुना थकवा. गोव्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत १८ ते ५० वयाच्या तीन हजार बायकांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवड झाली. त्यातल्या जवळपास अडीच हजार जणी सहभागी झाल्या. मुलाखती झाल्या, रक्त तपासलं गेलं. १२.१ टक्के बायकांनी सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेला थकवा सांगितला. म्हणजे दर आठ जणींत एक.

आपल्याकडे थकलेली बाई म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, रक्त कमी आहे. त्या अभ्यासात हिमोग्लोबिन आणि थकवा यांचा संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो कमी शिक्षणाशी, कुटुंबावरच्या कर्जाशी, नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक हिंसेशी, विधवा किंवा विभक्त असण्याशी, आणि खचलेल्या मनाशी.

याचा अर्थ लोहाच्या गोळ्या फेकून द्या असा अजिबात नाही. ॲनिमिया खरा असतो आणि त्याच्यावर उपचार करायलाच हवा. शिवाय संबंध सापडला म्हणजे कारण सापडलं असं नसतं, हे आमच्या धंद्यातही पहिल्या वर्षी शिकवतात. पण मी त्या यादीतल्या एका शब्दावर अडकलो होतो. कर्ज.

२०१६ मध्ये मी इंजिनिअरिंगला गेलो. शैक्षणिक कर्ज बँकेचं होतं. होस्टेल, मेस, प्रोजेक्ट, लॅपटॉप हे मात्र बाबांनी कुठून कुठून उभं केलं. ते 'कुठून कुठून' मी कधी विचारलं नव्हतं. नोकरी लागल्यावर बँकेचे हप्ते मी फेडले. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी स्टेटसही टाकलं होतं.

*

संक्रांतीला घरी गेलो. रात्रीचीच लाईन होती. बाबा साडेनऊला निघाले. मी ओसरीत लॅपटॉप घेऊन बसलो, आई आत झोपली. दोनला मी आत डोकावलो तेव्हा ती कुशीवर पडलेली होती. डोळे उघडे. अजिबात हलत नव्हती.

"झोपली नाईस?"

"पडून राह्यलो की आराम होते."

माझ्या डोक्यात तेव्हा एक साधी गोष्ट लख्ख झाली. मनगटावरचं ते यंत्र झोप मोजत नाही. ते मुख्यतः हालचाल आणि नाडी मोजतं आणि त्यावरून झोपेचा अंदाज बांधतं. माणूस जागा राहून निपचित पडला तर ते बरेचदा त्याला झोप समजतं. आईच्या त्या पाच तास चाळीस मिनिटांत किती झोप होती आणि किती निपचित पडणं, हे मला माहीत नव्हतं. दोनची पट्टी म्हणजे ती जागी झाली असं नव्हतं. ती जागीच होती, दोनला फक्त उठून दारापर्यंत जात होती. शेताकडच्या रस्त्यावर बॅटरीचा उजेड दिसतो का बघायला.

मी या वेळी 'का उठतेस' असं विचारलं नाही. विचारलं, "कधीपासून असं?"

ती उठून बसली. बराच वेळ बांगड्या मागेपुढे करत राहिली. मग सांगितलं.

२०१७ चा हिवाळा. मी दुसऱ्या वर्षाला. त्या साली सोयाबीनला भाव नव्हता, आणि ज्याच्याकडून हातउसने घेतले होते तो माणूस दोनदा घरी येऊन गेला होता. बाबा चार दिवस नीट जेवले नव्हते. एका रात्री ते शेतात गेले आणि पहाटेपर्यंत आले नाहीत. फोन बंद. आई दारात बसून राहिली. शेजारी कुणाला उठवावं तर काय सांगून उठवावं? तोंडातून तो शब्द काढला की खरा होईल असं तिला वाटत होतं. आमच्या सहा जिल्ह्यांची नावं ज्या कारणाने दिल्लीपर्यंत पोहोचली, २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं, ते कारण आमच्याकडे प्रत्येक घराला ठाऊक आहे. बोलत कुणी नाही.

साडेसहाला बाबा आले. मचाणावर डोळा लागला होता, फोनची बॅटरी संपली होती. एवढंच. आईने चहा ठेवला. तिने त्यांना काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

"तवापासून ते घरी येईस्तोवर मले झोप लागत नाई. आता काई भेव नाई, मले समजते. पण लागत नाई."

आठ वर्षं. त्याच हिवाळ्यात कधीतरी मी लॅपटॉपच्या पैशांसाठी घरी फोन केला होता. आईने उचलला होता. "करतेत काई तरी तुहे बाबा," म्हणाली होती.

*

आता एखादा उपाय सांगावा अशी माझीच इच्छा आहे, कारण मी इंजिनिअर आहे आणि समस्या मांडून थांबणं मला जमत नाही. काही गोष्टी केल्या. मोटारीला मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवला. मोटार घरून सुरू होते, पण पाइप हलवायला माणूस लागतोच आणि डुकरांना ॲप कळत नाही. बाबांना दुसरा फोन दिला, दोनला घरी एक कॉल करायचा ठरलं. ते कधी करतात, कधी विसरतात. आईला वाशिमला नेऊन पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. रक्त थोडं कमी, थायरॉइड ठीक. या वेळी डॉक्टरांना झोपेचं आणि त्या रात्रीचंही सांगितलं. म्हणजे मी सांगितलं, आई भिंतीकडे बघत होती.

त्यांनी तिला नऊ प्रश्न विचारले. ही नऊ प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. त्यात तिसरा प्रश्न झोपेचा आहे, चौथा थकव्याचा, आठवा हालचाल मंदावण्याचा किंवा उगाच अस्वस्थ येरझारांचा. आम्ही आठ वर्षं ज्याला 'विकनेस' म्हणत होतो तो या यादीत मनाच्या खाती मांडलेला होता. पहिला प्रश्न होता, आवडीच्या कामांत रस कमी झालाय का? आईने मला विचारलं, "आवडीचं काम म्हंजे कोनतं?"

ती चेष्टा करत नव्हती.

गोव्यातल्या दहा आरोग्य केंद्रांत पटेल आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तीव्र नैराश्य असलेल्या लोकांशी मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं सहा ते आठ बैठकांत बोलली. कल्पना सोपी आहे. मन बरं झालं की कामं करीन, असं वाट बघत बसायचं नाही. आपल्याला बरं वाटणारं एखादं छोटं काम आधी करायचं, मन मागून येतं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिलेल्या गटात ३९ टक्के. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालवला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथेही बरंचसं काम गावातल्याच माणसांनी केलं. कुणीतरी घरी येऊन बसतं आणि विचारतं, हे किती मोठं काम आहे ते मला आता कळतं.

आणखी एक अभ्यास मी बाबांना वाचून दाखवला, कारण त्यात त्यांचं काम होतं. चेन्नईत गौतम राव, फ्रँक शिलबाख आणि सहकाऱ्यांनी ४५२ गरीब लोकांना डेटा एंट्रीचं काम देऊन त्यांच्या मनगटाला झोप मोजणारं यंत्र बांधलं. माणसं अंथरुणात आठ तास असायची, झोप साडेपाच तास. उशा, पंखे, कानाचे बोळे, सल्ले देऊन रात्रीची झोप जवळपास अर्ध्या तासाने वाढवली, तरी कामात किंवा मनःस्थितीत फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो दुपारी शांत जागी दिलेल्या अर्ध्या तासाच्या डुलकीने.

आमच्या घरात दुपारी आडवा होण्याचा अधिकार फक्त बाबांना होता. बाई दिवसा झोपली की लोक म्हणतात, आजारी आहे किंवा आळशी आहे. बाबांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी आईची खाट आतल्या खोलीत लावली, दार ओढून घेतलं आणि स्वतः ओसरीत बसले. शेजारच्या काकू आल्या तेव्हा म्हणाले, "झोपली हाय ते. तासाभराने या." इतकी वर्षं मी बाबांना ओळखतो असं समजत होतो.

आवडीच्या कामाचं उत्तर आईने दोन महिन्यांनी दिलं, फोनवर, मध्येच. "भुलाबाईची गाणी." लहानपणी माहेरी कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली म्हणायच्या. तिला सगळी पाठ आहेत असं तिला वाटत होतं. म्हणायला गेली तर अर्ध्यावर अडली. आता बचत गटाच्या बायकांकडून उरलेल्या ओळी गोळा करते आहे आणि मला व्हॉइस मेसेज पाठवते आहे. मागे म्हशीचा आवाज असतो. तिचा आवाज गाताना वेगळा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं.

थकवा गेला का? नाही. कमी आहे, असं ती म्हणते. मी विचारतो म्हणून म्हणते की खरंच, ते सांगता येत नाही. बँडचा पट्टा पावसाळ्यात तुटला, मी नवा आणला नाही. आलेखात जे दिसत होतं ते बघण्याच्या नादात मी आठ वर्षं न विचारलेला प्रश्न आणखी एक महिना पुढे ढकलला होता.

परवा माझी ऑन-कॉल पाळी होती. दोनला अलर्ट वाजला, मी उठलो, दहा मिनिटांत काम झालं. मग झोप येईना. फोन बघत पडलो तर आई ऑनलाइन. बाबा शेतात असणार. मी कॉल केला.

"आले का बाबा?"

"येतीन आता. फोन आल्ता त्यायचा." मग थोडं थांबून म्हणाली, "तू काऊन जागा हायेस रे?"

"काही नाही," मी म्हणालो, "असंच."

ती काही बोलली नाही. बराच वेळ दोन्हीकडे नुसती शांतता होती. मग तिकडून खाट कुरकुरली, ती उशी लावून बसली असावी, आणि म्हणाली, "हं. सांग आता."